सदाफुलीजवळची पाटी बदलूया



परसबाग म्हटलं की आपल्या आष्टी तालुक्यात पहिला प्रश्न पाण्याचा. उन्हाळ्यात गावालाच टँकर, मग झाडांना काय घालणार? तरीही एक झाड तग धरतं, ते म्हणजे सदाफुली. भिंतीच्या फटीतसुद्धा उगवते, कडू म्हणून शेळी सहसा तोंड लावत नाही आणि गुलाबी-पांढरी फुलं वर्षभर येतात. प्रत्येक शाळेत ती असावीच, असं माझं मत आहे. पण तिच्याजवळ 'मधुमेहावर गुणकारी' अशी पाटी असेल, तर ती मात्र काढावी.

तुम्ही म्हणाल, त्यात काय बिघडलं? रिकाम्या पोटी सदाफुलीची पानं चावणारे लोक गावोगावी आहेत. शाळेच्या पाटीवर गावाचा विश्वास असतो. मूल ती वाचतं, घरी आजीला सांगतं आणि आजी गोळी सोडून पानं सुरू करते. सदाफुली विषारी आहे. पोटात गेली तर मळमळ, उलट्या होतात, रक्तपेशींवरही परिणाम होऊ शकतो. वर गोळी बंद झाल्यामुळे साखर वाढते ती वेगळीच.

मग ती औषधी नाही का? आहे, आणि ती गोष्टच वर्गात सांगण्यासारखी आहे. हे झाड मूळचं मादागास्कर बेटावरचं. जमैकातही लोक मधुमेहावर त्याच्या पानांचा काढा घेत. ती पानं कॅनडात डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोहोचली. उंदरांवर प्रयोग केले, तर साखरेवर खास परिणाम दिसेना. मात्र अर्काचं इंजेक्शन दिल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. त्यातूनच नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी 1958 मध्ये व्हिनब्लास्टिन हे द्रव्य वेगळं केल्याचं जाहीर केलं. पुढे याच झाडातून व्हिनक्रिस्टिनही मिळालं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही ते वापरतात, पण दवाखान्यात, शिरेतून, अगदी मोजून. पान चावून ते औषध मिळत नाही.

परिसर अभ्यासाला यापेक्षा चांगला पाठ कोणता? लोक मानत होते एक, तपासल्यावर निघालं दुसरंच! मुलांना पाकळ्या मोजू द्या, पान तोडल्यावर निघणारा पांढरा चीक दाखवा, नंतर साबणाने हात धुवायला लावा. मग विचारा, "शेळी हे झाड का खात नसेल?" उत्तर लगेच सांगू नका, मुलं स्वतः शोधतात.

आणि नवी पाटी मुलांकडूनच लिहून घ्या: 'सदाफुली. हिच्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात. पान-फूल तोंडात घालू नये.'

आजीबाईच्या बटव्याचा आदर आपण करतोच. पण शाळेच्या भिंतीवर लिहायचं ते तपासूनच लिहायला हवं. तुमच्या शाळेतली पाटी आजच एकदा वाचून बघा.