समुद्र तापतो तिकडे, पेरणी मोडते इकडे



वाढवणच्या किनाऱ्यावर धो धो कोसळणारा पाऊस सह्याद्री ओलांडताना पार रोडावतो. घाटाच्या सावलीतल्या आपल्या ज्वारी-कपाशीला उरते ते थोडके. म्हणून त्या थोडक्याचा अंदाज आपल्यालाच सर्वांआधी हवा.

हा अंदाज बांधतात समुद्राच्या तापावरून. मध्य व पूर्व प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा अर्धा अंश वा अधिक तापून काही महिने तसेच राहिले, की त्याला एल निनो म्हणतात. तापल्या पाण्यावर हवा वर चढते, ढग तिकडे जमतात. आपल्याकडे हवा खाली दबते आणि पाऊस कमी होण्याचा धोका वाढतो. समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो. म्हणूनच हवामान खाते एप्रिलमध्येच पावसाळ्याबद्दल काही सांगू शकते.

पण एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच, असे नाही. १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत जबर एल निनोंपैकी होता, तरी देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. त्या साली हिंदी महासागर आफ्रिकेच्या बाजूला तापला होता आणि सुमात्राच्या बाजूला थंड होता. अशा स्थितीचा मान्सूनला आधार मिळतो. २००२ साली मात्र एल निनोने दगा दिला. जुलैचा पाऊस निम्म्यावर आला.

२०२३ चा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. अंदाज होता ९६ टक्के, पडला ९४ टक्के. कागदावर अंदाज खरा! पण देशातला तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, आणि ऑक्टोबरअखेर राज्य सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. कपाशी देशाच्या सरासरीवर जगत नाही, आपल्या वावरातल्या ओलीवर जगते.

तेव्हा एप्रिलचा अंदाज ऐका, पण पेरा ओल पाहून. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका. एल निनोच्या साली सगळे रान कपाशीखाली घालू नका. ज्वारीत तूर घ्या, मूग-उडदाला जागा ठेवा.

आणि सरकारला विचारा : एप्रिलमध्ये धोका कळतो, तर पीककर्ज आणि दुबार पेरणीचे बियाणे मृगाआधी तालुक्याला का पोचत नाही? अंदाज चुकला तर भुर्दंड एकट्या शेतकऱ्याने का भरायचा? प्रत्येक तालुका बैठकीत या दोन प्रश्नांचा ठराव झालाच पाहिजे.