रीडिंग कुणाचं?

खरं सांगा, प्रॅक्टिकलच्या जर्नलमधलं रीडिंग तुम्ही स्वतः शेवटचं कधी घेतलंत? मी तर सीनियरच्या जर्नलवरून उतरवून काढायचो. ग्राफ मात्र अगदी सरळ रेषेत!

गेल्या वर्षी आत्याला रेडिएशनसाठी जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला नेत होतो. पहाटेची एसटी, सोबत डबा आणि पुढे रांग. एके दिवशी मशीन तासभर उशिरा सुरू झालं. आत कुणीतरी मोजतंय म्हणे. मी चिडलो, "रोज काय मोजायचं?" मग त्या माणसानेच शांतपणे समजावलं. मशीनमधून बाहेर पडणारा डोस पहिल्या पेशंटच्या आधी रोज तपासायचा असतो. आज आकडा जुळत नव्हता, म्हणून थांबलो. तो डॉक्टरही नव्हता आणि टेक्निशियनही नव्हता. तो मेडिकल फिजिसिस्ट होता!

ठरवलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला डोस यांत साधारण ५ टक्क्यांहून जास्त फरक नसावा, असा संकेत आहे. जास्त झाला तर चांगल्या पेशींना इजा, कमी झाला तर गाठ तशीच. आणि चूक डोळ्यांना दिसतही नाही.

ही माणसं आपोआप तयार झाली नाहीत. १९६२ साली ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा केंद्रात, म्हणजे आजच्या बीएआरसीत, रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा सुरू झाला. १९७६ मध्ये त्यांची देशव्यापी संघटना झाली. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ आलं. आज मेडिकल फिजिसिस्टशिवाय रेडिओथेरपी केंद्र चालवता येत नाही. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यातही त्यांचं नाव आहे. (नुसत्या बी.ई.वर तिथे जाता येत नाही बरं का, फिजिक्सचीच वाट धरावी लागते.)

माझं मत असं की, व्यवसाय संघटित होणं म्हणजे नुसती अधिवेशनं आणि बॅज नव्हेत. रीडिंगखाली कुणाची सही आहे हे ठरलेलं असणं, आणि "आज मशीन चालू करू नका" म्हणायचा त्याला अधिकार असणं, हे खरं संघटन. नवं मशीन आलं की पेपरात फोटो येतो. मोजणाऱ्याची जागा भरली का, हे कुणी विचारत नाही. आपण विचारायला हवं.

आणि सर-मॅडमना एक विनंती. रेषेबाहेरच्या बिंदूचे मार्क कापू नका, उतरवलेल्या रीडिंगचे कापा. माझ्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल!