झिजलेल्या बोटांचे काय?

शिधावाटप दुकानातले पॉस यंत्र अंगठा घेत नाही, तेव्हा बाई तो आधी पदराला पुसते, मग कपाळावर किंवा केसांत घासते आणि पुन्हा काचेवर टेकवते. ही युक्ती तिला कोणी शिकवलेली नसते; रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईचे पाहून तिने ती उचललेली असते. पण तिच्यामागे शरीरशास्त्र आहे. तळहाताच्या आणि बोटांच्या टोकांच्या कातडीत तेलग्रंथी नसतात. तिथे ओलावा येतो तो फक्त घामाचा. कपाळावर मात्र तेलग्रंथींची दाटी असते. तिथले तेल कोरड्या बोटाला लागले की कातडी काचेला जरा नीट टेकते आणि यंत्र कधी कधी ठसा मान्य करते. कधी कधी करत नाही.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. देवनार, शिवाजीनगर, बैंगनवाडी या पट्ट्यातल्या घरांत हे धान्य म्हणजे महिन्याच्या हिशेबातला पक्का आधार असतो. ठसा जुळला नाही की एक तर तास-दोन तास पुन्हा रांग, नाही तर उद्या या, नाही तर आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने द्या. उद्या यायचे म्हणजे रोजंदारीचा एक खाडा. आणि ज्या कामामुळे तो ठसा पुसट झाला, त्याच कामाचा हा खाडा असतो.

देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. तिथे आणि आसपासच्या भंगाराच्या गाळ्यांत प्लास्टिक, काच, पत्रा निवडणारे बहुतेक हात उघडे असतात. देवनारचा पशुवधगृहाचा कारखाना १९७१ मध्ये सुरू झाला. तिथल्या हातांना पाणी, मीठ आणि सुरी यांची रोजची संगत. वस्तीतल्या बायका घरी बसून जरीकाम करतात, दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करतात, लसूण सोलून देतात. पुरुष बांधकामावर सिमेंट कालवतात. एवढी कामे एका विभागात एकवटलेली असताना इथल्या यंत्रांनी जास्त बोटे परत पाठवली, तर आश्चर्य वाटायला नको.

ठसा पुसट होतो म्हणजे नेमके काय होते, हे पाहिले पाहिजे. बोटांवरच्या रेषा गर्भातच, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तयार होतात. त्यांचा मूळ साचा वरच्या कातडीत नसून ती जिथे आतल्या थराला जोडली जाते त्या ठिकाणी असतो. म्हणून वरवरचे खरचटणे, भाजणे, घासणे बरे झाल्यावर तोच नमुना पुन्हा वर येतो. ठसा आयुष्यभर बदलत नाही असे म्हणतात, ते या साच्याबद्दल खरे आहे. यंत्र मात्र साचा पाहत नाही, ते पाहते वरचे पान. उंच रेघा काचेला टेकतात, मधल्या खाचा टेकत नाहीत, त्या फरकातून चित्र तयार होते. मग यंत्र त्या चित्रात रेघ कुठे संपते आणि कुठे तिला फाटा फुटतो, अशा खुणा शोधते आणि नोंदणीच्या वेळी घेतलेल्या खुणांशी जुळवते.

सिमेंट अल्कधर्मी असते, त्यात क्रोमियमचा अंशही असतो. कातडी कोरडी पडते, इसब होते, रेघा सपाट होतात. धुण्याचा सोडा आणि साबण कातडीतली नैसर्गिक स्निग्धता काढून घेतात. लसूण रोज सोलणाऱ्यांच्या अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना भेगा पडतात. हा त्वचारोगतज्ज्ञांच्या ओळखीचा आजार आहे आणि यंत्रावर लावायची बोटेही नेमकी तीच. जरीच्या सुईने किंवा काचेच्या कपच्याने पडलेला बारीक चर एका सलग रेघेचे दोन तुकडे करतो, म्हणजे यंत्राच्या लेखी तिथे दोन नव्या खुणा उगवतात. जखम खोल गेली तर साचाच कापला जातो आणि व्रण कायमचा राहतो. वय वाढते तशी कातडी पातळ होते, घाम कमी येतो, रेघांची उंची घटते. पंचावन्नाव्या वर्षी नोंदणी केलेली बाई आज सत्तरीकडे झुकली आहे. तिची ओळख तीच आहे, बोटाचा पृष्ठभाग तेवढा पंधरा वर्षांनी जुना झाला आहे.

आपल्याकडे अंगठा ही निरक्षराची सही होती. निशाणी डाव्या हाताचा अंगठा असे लिहून शाईचा गोळा उठवला की काम व्हायचे. सावकार किंवा तलाठी भिंग घेऊन तो ठसा तपासायला बसत नसे. ओळख पटवायची ती साक्षीदारांनी. आता साक्षीदार गेला आणि जबाबदारी सगळी बोटावर आली. सही येणाऱ्यालाही आता अंगठाच लागतो, पण वातानुकूलित कचेरीत काम करणाऱ्याचा अंगठा पहिल्याच खेपेला जुळतो.

रोग आणि औषधे यांचाही यात वाटा आहे, आणि तो रुग्णालयांतसुद्धा फारसा सांगितला जात नाही. स्तनाच्या आणि आतड्याच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या कॅपेसिटाबिन या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, सोलवटतात; काही रुग्णांचे ठसे त्यामुळे पुसले जातात. सिंगापूरच्या एका ६२ वर्षांच्या रुग्णाला डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या विमानतळावर ठसेच उमटेनात म्हणून चार तास थांबवून ठेवले होते. त्याच्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी ही हकिगत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि अशा रुग्णांनी डॉक्टरांचे पत्र जवळ बाळगावे, असे सुचवले. मुंबईत कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांना विमानतळापेक्षा रेशन दुकान आणि बँकेची खिडकी जास्त वेळा गाठावी लागते. ते पत्र त्यांनाही लागते. कुष्ठरोगात बोटांची संवेदना जाते, भाजल्या-कापल्याचे कळत नाही आणि बोटे झिजत जातात. रोग बरा झाल्यावरही ती परत येत नाहीत. जन्मतःच ठसे नसलेली माणसेही जगात आहेत. स्वित्झर्लंडमधल्या अशाच एका कुटुंबाच्या अभ्यासातून त्यामागचे जनुक २०११ मध्ये सापडले. ती मंडळी अगदी विरळा. देवनारच्या रांगेतला प्रश्न विरळ्यांचा नाही.

तो किती जणांचा आहे? मार्च २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे सादरीकरण केले, त्यात सरकारी सेवांसाठी प्रमाणीकरण यशस्वी होण्याचे प्रमाण ८८ टक्के असल्याचे सांगितले गेले. उरलेल्या १२ टक्क्यांत सगळेच झिजलेल्या बोटांचे बळी नसतात. नेटवर्क नसते, सर्व्हर बसलेला असतो. तरीही एखाद्या रक्तचाचणीचा निकाल शंभरातून बारा वेळा असा हुकला, तर कोणतीही प्रयोगशाळा तिच्या एकट्या भरवशावर कुणाचा उपचार बंद करणार नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२२ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात आणखी एक आकडा आहे. २०१८-१९ मध्ये झालेल्या ३.०४ कोटी बायोमेट्रिक दुरुस्त्यांपैकी ७३ टक्क्यांहून अधिक दुरुस्त्या नागरिकांनी आपणहून, सदोष ठशांमुळे आणि शुल्क भरून करून घेतल्या होत्या. ठसा बिघडला तो मजुरी करताना, आणि तो दुरुस्त करण्याचे पैसेही मजुराच्याच खिशातून.

देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. ज्यांच्याकडे ओळखीचा कागद नाही त्यांना ओळख देणे, हा तेव्हा सांगितलेला हेतू होता आणि तो चांगलाच होता. आधारमुळे बँकेत खाते उघडता आले, अनुदान थेट हातात आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. यंत्रच काढून टाका, असेही इथे म्हणायचे नाही. दुकानातून धान्याला पाय फुटायचे, ते दिवस लोक विसरलेले नाहीत. मुद्दा यंत्राने नाही म्हटल्यानंतरच्या पाच मिनिटांचा आहे.

त्या पाच मिनिटांसाठी नियम आहे. आधार प्राधिकरणाच्या २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकानुसार बोट जुळले नाही तर डोळ्याच्या बुबुळाने किंवा मोबाइलवरच्या ओटीपीने ओळख पटवावी, तेही जमले नाही तर कार्ड पाहून धान्य द्यावे आणि त्याची अपवाद म्हणून वेगळ्या नोंदवहीत नोंद करावी. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालातही प्रमाणीकरण फसले म्हणून कोणी हक्काच्या लाभापासून वंचित राहू नये, ही भूमिका घेतली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने पुन्हा स्पष्ट केले, की बोटे नसलेल्यांची किंवा ठसे न उमटणाऱ्यांची नोंदणी बुबुळांवर आणि दोन्ही नसतील तर दोन्हींशिवायही झाली पाहिजे. कोरोनाच्या काळात तर महाराष्ट्र सरकारने लाभार्थ्याचा अंगठा न घेता दुकानदाराच्या प्रमाणीकरणावर धान्य वाटायला मुभा दिली होती. त्यामुळे व्यवस्था काही कोसळली नाही.

नियम आहे, पण तो मागावा लागतो. आणि मागणाऱ्याला तो माहीत असावा लागतो, त्याच्या मागे उभ्या चाळीस जणांची कुरकुर सोसायची ताकद लागते आणि दुकानदाराशी वाकडे घेण्याची तयारीही लागते. इथे अमेरिकेतली एक पद्धत पाहण्यासारखी आहे. न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत पिस्तुलाचा परवाना हवा असेल तर ठसे द्यावे लागतात आणि ते गुन्हेगारांच्या नोंदींशी ताडून पाहिले जातात. तिथेही गवंड्यांचे, परिचारिकांचे, म्हाताऱ्यांचे ठसे खराब म्हणून परत येतात. एफबीआयची रीत अशी, की दर्जाअभावी ठसे दोनदा परत आले, की त्या माणसाची तपासणी नावावरून करता येते. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, दहाव्यांदा बोट दाबत बसावे लागत नाही. हातात पिस्तूल द्यायचे की नाही, हे ठरवताना दोन नकारांनंतर दुसरी वाट मोकळी होते. इथे प्रश्न तांदूळ-गव्हाचा आहे.

तेव्हा दोनदा बोट फसले की पुढची वाट दुकानदाराने आपणहून दाखवली पाहिजे. ग्राहकाने विचारण्याची वाट पाहता कामा नये. अपवादाची नोंदवही प्रत्येक दुकानात दिसेल अशी असावी आणि तिच्यातले आकडे शिधावाटप कार्यालयाने दर महिन्याला जाहीर करावेत. एखाद्या दुकानात वर्षभर एकही अपवाद नोंदला गेला नसेल, तर तिथे सगळ्यांची बोटे उत्तम आहेत असे समजण्याऐवजी तपासणी व्हावी. कामाने किंवा आजाराने ठसे गेलेल्यांना दुरुस्तीचे शुल्क माफ असावे. शिधापत्रिकेच्या ई-केवायसीसाठी आता चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली आहे, निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी ती आधीपासून आहे. ती दुकानाच्या काउंटरवरही मिळायला हवी. अर्थात चेहरा वाचणारे यंत्रही चुकते, म्हणून त्याच्याही मागे माणसाने कार्ड पाहून निर्णय घेण्याची सोय राहिलीच पाहिजे.

डॉक्टरांच्या वाट्याचे कामही आहे आणि ते अवघड नाही. कॅपेसिटाबिन सुरू करताना रुग्णाला ठशांबद्दल सांगावे, बुबुळ आणि मोबाइल क्रमांक आधारला नीट जोडलेले आहेत का ते आधीच पाहून घ्यायला सांगावे. हाताला इसब, कुष्ठरोगाची विकृती, भाजल्याचे व्रण असतील तर लेटरहेडवर दोन ओळी मराठीत लिहून द्याव्यात: या व्यक्तीचे ठसे अमुक कारणाने उमटत नाहीत, पर्यायी पद्धत वापरावी. सरकारी आणि पालिकेच्या त्वचारोग विभागांत असा छापील नमुना ठेवायला खर्च जवळपास नाही.

हाताची थोडी काळजी घेतली तर पुष्कळदा ठसा परतही येतो, कारण आतला साचा शाबूत असतो. पेट्रोलियम जेली किंवा युरियाचे मलम रात्री झोपताना दोन-तीन आठवडे लावावे. यंत्रावर जायच्या आधी मात्र हात धुऊन कोरडे करावेत, कारण मलमाचा जाड थर खाचा भरून टाकतो. अंगठ्याचाच हट्ट धरू नये. अनामिका आणि करंगळी कमी झिजतात, दहापैकी कोणतेही बोट चालते. फार जोराने दाबले तर रेघा एकमेकींत मिसळतात, हलक्याने टेकवावे. मेंदी रंगलेली असेल तर चार दिवस थांबावे. लिंबू, ब्लीच, दगडाने घासणे हे उपाय काही जण करतात. त्यांनी उरलेल्या रेघाही जातात. भेगांतून रक्त येत असेल, कातडी सोलत असेल तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. सुती अस्तरावर रबरी हातमोजे घातले तर भांडी, सिमेंट आणि कचरा यांपासून बरेच संरक्षण मिळते. पण कचरा निवडणाऱ्या बाईने ते स्वतः विकत घ्यावेत, अशी अपेक्षा करण्याआधी तिची दिवसाची कमाई विचारावी. ते पुरवण्याचे काम महापालिकेचे आणि कंत्राटदारांचे आहे.