जखम एक, वाटा दोन

डोक्याला मार लागलेला माणूस शुद्धीवर आला, चालू-बोलू लागला की घरच्यांना हायसे वाटते. आता महिन्याभरात कामावर जाईल, असे सारे धरून चालतात. पण मेंदूची इजा वरून दिसत नाही. टाके निघाले तरी विसराळूपणा, चिडचिड आणि जराशा कामाने येणारा थकवा मागे राहतो. पूर्वी सहज जमणारा हिशेब तीनतीनदा करावा लागतो. खरी कसोटी कामावर परतताना लागते.

अमेरिकेत ही कसोटी सर्वांना सारखी नाही. तेथे १९८७ पासून काही पुनर्वसन केंद्रे अशा रुग्णांची वर्षानुवर्षे नोंद ठेवत आली आहेत. त्या नोंदींवरून पाच हजारांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. इजेनंतर वर्षभराने नोकरीबाहेर असण्याची शक्यता कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य रुग्णांत गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाली. तीही वय, शिक्षण, आधीची नोकरी हे सारे जमेस धरून!

तेथे आरोग्यविमा बहुधा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की विमा जातो, विमा गेला की स्मरणशक्तीचे उपचार थांबतात आणि उपचार थांबले की नोकरी आणखी लांब जाते. गाठीला पैसा असलेले घर हा काळ कसाबसा निभावते. कृष्णवर्णीय कुटुंबांकडे तो सरासरीने फारच कमी असतो. शिवाय टेबलावर काम करणाऱ्याला चार दिवस अर्धवेळ येता येते. परांचीवर चढणाऱ्याला ही मुभा कोण देणार?

आणि इजा मोजणारी पट्टीच वाकडी असली तर? अमेरिकन फुटबॉलमध्ये डोक्याला धक्के बसून मेंदू दुबळा झालेल्या निवृत्त खेळाडूंना लीगने भरपाई देण्याचा करार २०१५ मध्ये न्यायालयाने मंजूर केला. मात्र चाचणीचे गुण तपासताना कृष्णवर्णीयांची बुद्धी मुळातच कमी, असे गृहीत धरले जाई. त्याच गुणांवर गोरा खेळाडू आजारी ठरे, काळा 'ठीक'! केविन हेन्री आणि नाजेह डेव्हनपोर्ट या माजी खेळाडूंनी २०२० मध्ये दावा लावला. तो फेटाळला गेला. पण घरची माणसे गप्प बसली नाहीत. केन जेनकिन्स हे माजी खेळाडू व त्यांच्या पत्नी एमी लुईस यांनी ५० हजार सह्या फिलाडेल्फियाच्या न्यायालयात नेऊन दिल्या. २०२१ मध्ये लीगने ही पद्धत सोडण्याचे कबूल केले. २०२२ मध्ये नवे नियम मंजूर झाले आणि पूर्वी रिकाम्या हाती परत पाठवलेल्यांचे गुण पुन्हा तपासण्याची सोय झाली.