जुनी टाईमशेअर घ्यावी का?



उसाचा हप्ता जमा झाला की टाईमशेअरवाल्यांचे फोन सुरू होतात. दरसाल सात रात्री महाबळेश्वर, गोव्याला खोली, आणि म्हणे मालकी! सात-बाऱ्यावर नाव लागत नाही ती मालकी कसली? आपल्याकडील बहुतेक योजनांत ठराविक वर्षे, पुष्कळदा 25, राहण्याचा हक्क तेवढा मिळतो. मुदत संपली की हातात काही नाही.

कंटाळलेले लोक उरलेली वर्षे स्वस्तात विकतात. ती घ्यावीत का, असे काही सभासद बांधावर विचारतात. समजा, नवी 25 वर्षांची 3 लाखांना, वर खर्चवर्गणी वर्षाला 15 हजार. रात्र पडली सुमारे 3,850 रुपयांना, व्याज वेगळेच. तीच 10 वर्षे उरलेली 60 हजारांत मिळाली तर 3 हजारांना. जुनी परवडते, खरे आहे. पण वर्गणी वाढत जाते आणि गेलो नाही तरी भरावीच लागते. पाणी न घेता पाणीपट्टी! आडसाली लागण, तोड सांभाळून दरसाल कोण निघतो हो? वर्षाआड गेलात तर तीच रात्र 6 हजारांना पडली.

दुसऱ्याचा खोडवा घेताना आपण नांग्या बघतोच ना? तशी मागील थकबाकी किती, नावावर करायची फी किती, नव्या माणसाला कोणत्या सवलती मिळणार नाहीत, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. आणि तेही दरसाल जाणाऱ्यानेच. बाकीच्यांनी जायचे तेव्हा खोली भाड्याने घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

— ऊस विकास अधिकारी