आधी टायरची हवा सोडा!

जैसलमेरजवळ समच्या वाळूत फोर बाय फोर घेऊन जायचा प्लॅन ठरला की ग्रुपवर गाडी कुठली, गाणी कुठली यावर रात्रभर चॅट चालतं. टायरमध्ये हवा किती ठेवायची, यावर मात्र सगळे चिडीचूप! खरं तर वाळूत गाडी रुतणार की निघणार, हे इंजिनापेक्षा हवाच जास्त ठरवते.

रस्त्यावरची ३२-३५ पीएसआय हवा तशीच ठेवली, तर टायर वाळूत घुसतो. १८च्या आसपास आणली की तो खाली चपटा होऊन लांबट पसरतो, वजन विभागलं जातं. गाडी जड असेल तर थोडी जास्त ठेवा. तरीही रुतलात तर १५. त्याखाली मात्र जपून, कारण झटक्यात वळवलं की टायर रिमवरून निसटू शकतो. नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसलात, तर चाक स्वतःचाच खड्डा खणतं. रीलमध्ये भारी दिसतं, एवढंच.

जिवाशी खेळ होतो तो परतताना. कमी हवेवर हायवेला ८०-१००ने पळालात, तर टायरच्या बाजू सतत दबून तापतात आणि टायर फुटू शकतो. म्हणून ज्याच्याकडे गेज आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर नाही, त्याने वाळूत उतरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हो, हे सगळं वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर करून बघू नका. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. गाडी गावातच लावा, पुढे चालत जा.