अर्धी वेस

सीमेवरच्या गावाबद्दल लिहायचं म्हटलं की मराठी संपादकाची लेखणी बेळगाव-निपाणीकडे वळतेच. या अंकातही पुढे ती वळली आहे. पण सुरुवात मुद्दाम लांबून करतो आहोत, पूर्व स्लोव्हाकियातल्या वेल्के, म्हणजे थोरल्या, स्लेमेंत्से या गावापासून.

वस्ती पाच-सहाशेची. बहुतेक घरांत हंगेरियन बोलतात, काही घरांत स्लोव्हाक. पलीकडे, हाकेच्या अंतरावर, धाकटं स्लेमेंत्से आहे. ते मात्र युक्रेनमध्ये. थोरलं नि धाकटं मिळून खरं तर एकच गाव. 1920च्या तहाने ते हंगेरीकडून चेकोस्लोव्हाकियात गेलं, 1938 मध्ये व्हिएन्नाच्या निवाड्याने परत हंगेरीत आलं. इथवर जे झालं ते दोघांचं एकत्र झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्पेथियन डोंगरापल्याडचा मुलूख सोव्हिएत संघाला मिळाला आणि नवी सरहद्द या दोन वस्त्यांच्या मधून गेली. काटेरी तारा आल्या, पहारा आला. थोरल्या गावातले हंगेरियन तरी सुखात होते म्हणावं, तर तेही नाही. त्याच सुमारास चेकोस्लोव्हाकियाने आपल्या हंगेरियन रहिवाशांचं नागरिकत्व काढून घेतलं, त्यांच्या शाळा बंद केल्या, हजारो कुटुंबं हंगेरीत धाडली आणि तिकडून स्लोव्हाक कुटुंबं आणली.

सख्ख्या भावंडांना भेटायचं तर परवाने काढा, मग उझहोरोदच्या नाक्याचा वळसा घाला. तारेपाशी उभं राहून बोलायला बंदी. म्हातारी माणसं सांगतात की शेतात काम करता करता बायका गाणं म्हणत आणि त्यातच निरोप गुंफत: अमक्याकडे मुलगा झाला, तमका वारला, उद्या माती. पहाऱ्यावरच्या शिपायाला हंगेरियन कुठलं कळायला!

सोव्हिएत संघ मोडला, चेकोस्लोव्हाकियाही दुभंगला, तरी तार होती तिथेच. गावकऱ्यांनी एक कोरीव लाकडी वेस उभारली, ट्रान्सिल्व्हेनियातल्या सेकेई हंगेरियनांच्या धाटणीची. अर्धी या बाजूला, अर्धी त्या बाजूला. गाऱ्हाणं वॉशिंग्टनपर्यंत गेलं. अखेर 23 डिसेंबर 2005 रोजी, ऐन नाताळच्या तोंडावर, नाका उघडला. फक्त पायी आणि सायकलवर जाणाऱ्यांसाठी. आपल्याकडे भाऊबीज दोन दिवसांवर असताना वाट मोकळी व्हावी, तसंच ते.

इथे गोष्ट संपवली असती तर सणाच्या अंकाला शोभली असती. पण नाका उघडला तो एकाच अंगाने. युरोपीय नागरिकांना युक्रेनने व्हिसा माफ केला होता, स्लोव्हाकियाने युक्रेनच्या नागरिकांना नाही. थोरल्या गावचा भाऊ उठून धाकट्या गावी जाई; धाकट्या गावच्या बहिणीला मात्र व्हिसासाठी रांग. डिसेंबर 2007 मध्ये स्लोव्हाकिया शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटात सामील झाला आणि ती रांग आणखी महागली. धाकट्या गावात मग स्वस्त मालाची दुकानं लागली नि स्लोव्हाकियातून गिऱ्हाइकं येऊ लागली. साठ वर्षं ज्या वाटेसाठी माणसं झुरली, तिच्यावर नातेवाइकांपेक्षा पिशव्याच जास्त दिसू लागल्या. याला कुणी हसू नये. पिशवीवाल्यांमुळे निदान धाकट्या गावाच्या पदरी चार पैसे पडले.

व्हिसाचा जाच टळला तो जून 2017 मध्ये. त्याआधीच हंगेरी सरकार सीमेपलीकडच्या हंगेरियनांना नागरिकत्व देऊ लागलं होतं. युक्रेनमधल्या कित्येकांनी ते घेतलं. स्लोव्हाकियाने मात्र 2010 मध्ये उलटा कायदा केला: आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घ्याल तर इथलं जाईल. दोघंही हंगेरियन, पण जो कागद पलीकडच्याला कामाचा, तोच अलीकडच्याला धोक्याचा. राजधान्यांमधल्या या खेळात गावाला कुणी विचारल्याचं दिसत नाही. आम्हाला बेळगाव आठवलं ते इथे.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने हल्ला केला तेव्हा याच पायवाटेने बाया-मुलं स्लोव्हाकियात आली. अठरा ते साठ वर्षांच्या पुरुषांना देश सोडायला युक्रेनने मनाई केली. ऑगस्ट 2025 मध्ये ती बावीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी उठली. बाकीच्यांना अजून वेस अर्धीच.